गुलाबी आहे, पण दिसत नाही

"सर, खडा गुलाबी दिसतोय, पण ईएसआर मशीन (चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह सोडून अणूंच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन ओळखणारं यंत्र) म्हणतंय आत काहीच नाही!"

बेळगावच्या टिळकवाडीत पाऊस झोडपतोय आणि खानापूरच्या पोराचा हा मेसेज. सोबतचा आलेख पार सपाट.

कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकातलं एर्बियम (खड्याला गुलाबी रंग देणारं धातू मूलद्रव्य) आहे बाबा, खोलीच्या तापमानाला कसं दिसेल? स्फटिकातल्या अणूंच्या जाळीच्या कंपनांमुळे त्याचे स्पिन (इलेक्ट्रॉनांचे इवले चुंबक) इतक्या झटपट शिथिल होतात, म्हणजे मूळ स्थितीत परततात, की आलेखावरची रेषा पसरून बेसलाइनमध्येच, म्हणजे सपाट तळरेषेतच, विरते. द्रव नायट्रोजनचे ७७ केल्विनही पुरत नाहीत. हेलियम लावून १० केल्विनच्या आसपास जा. मग घनीय (सगळीकडून सारख्या सममितीच्या) जागेवरचं एर्बियम, जी (रेषा कुठल्या क्षेत्रात येईल ते ठरवणारा अंक) ६.७८, म्हणजे ९.५ गिगाहर्ट्झला साधारण १०० मिलिटेस्लाजवळ शोध.

मधली उंच रेषा सम वस्तुमानांकाच्या समस्थानिकांची, ज्यांच्या केंद्रकाला स्पिन नसतो. तिच्या अल्याडपल्याड आठ बुटक्या, त्या एर्बियम-१६७ च्या. ते जेमतेम २३ टक्के, म्हणून बुटक्या. ३४० मिलिटेस्लाजवळ सहा रेषांचा गट दिसला तर मात्र मँगनीजची भेसळ समज.

गॅडोलिनियम हे एर्बियमच्याच कुळातलं मूलद्रव्य मात्र खोलीच्या तापमानालाही दिसतं. इलेक्ट्रॉनांचा कक्षेतला एकूण कोनीय संवेग शून्य, जाळीची फारशी फिकीरच नाही त्याला.

आणि खडा ठेवायची काचेची नळी आधी कोरडी कर. आपल्या जुलैच्या हवेत काचेवर दव धरतं, पाणी मायक्रोवेव्ह खातं आणि कॅव्हिटी (नमुना ठेवायची मायक्रोवेव्हची डबी) ट्यूनच होत नाही.

बाकी, खड्यात एर्बियम किती टक्के घातलंय, ते विचारलंस का?