लेकीच्या नावात मधे मी, पण कुठली मी?

आमच्या लेकीचं नाव दोन संध्याकाळींत ठरलं. दोन अक्षरी, जोडाक्षर नाही, हाक मारायला सोपं. रखडलो ते मधल्या नावावर.

एरवी त्यात ठरवण्यासारखं काय असतं? मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, संपला विषय. पण आमची लेक जून २०२४ ची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्र सरकारने क्रमच ठरवून दिलाय: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. शाळेच्या कागदांपासून परीक्षेच्या प्रमाणपत्रांपर्यंत तसंच लिहायचं. (विवाहित बाईच्या स्वतःच्या नावात मात्र त्याच निर्णयाने जुनीच पद्धत ठेवली आहे, म्हणजे मधे नवरा. असो.) आठव्या महिन्यात नवऱ्याने हे वाचून दाखवलं तेव्हा मी जाम खूश झाले होते.

माझी नावं दोन आहेत, हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. सासरी सगळे त्याच नावाने हाक मारतात आणि मला ते आवडतंही. पण आधार, पॅन, पदवी, बँक सगळं माहेरच्या नावाचं. बदलायचा कंटाळा केला. थोडा हट्टही होता.

दवाखान्यात जन्मनोंदणीचा फॉर्म भरायला माणूस आला तेव्हा मी गाढ झोपले होते. आईचं नाव सासूबाईंनी सांगितलं. अर्थातच लग्नातलं. त्यांच्या लेखी माझं नाव तेच. सही करताना नवऱ्याच्या लक्षात आलं. फॉर्म अजून नगरपालिकेत गेला नव्हता. "उद्या सुट्टी मिळायच्या आत काय ते सांगा," म्हणून तो माणूस गेला.

बाळाच्या नावाची जागा रिकामी सोडली तरी चालते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, नाव मात्र नंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. आम्ही त्याच भरवशावर निवांत होतो. आईचं नाव मात्र पहिल्याच फॉर्ममध्ये लागतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी औषधांच्या बिलामागे दोन्ही पूर्ण नावं लिहिली आणि हजेरी घेतल्यासारखी मोठ्याने वाचली. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस. लग्नातलं नाव मधे घातलं की ओळ सरळ वाहायची. माहेरचं चार अक्षरी, त्यात जोडाक्षर. तिथे जीभ अडायची. "कानाला हे बरं लागतं," पहिल्यावर बोट ठेवत ते म्हणाले, "पण उद्या आईचं आधार कार्ड दाखवलं तर विचारतील, ही बाई कोण?"

सासूबाई बाळाचं दुपटं सारखं करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मग आम्ही हाक मारतो ते खोटं का गं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "नाही हो आई," एवढंच म्हणाले. पण सकाळी फॉर्मवर माहेरचं नाव लिहायला लावलं. एक रेघ, वर ते नाव, शेजारी नवऱ्याची सही. दोन मिनिटांचं काम.

पुढे पासपोर्टच्या वेळी वेगळीच गंमत. तिथे मधल्या नावाला रकानाच नाही. नाव आणि आडनाव, एवढंच. आई-वडील दोघंही लेकीच्या नावाच्याच रकान्यात बसवले. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत नावाला ३९ जागा असतात. त्यात मी मावते की नाही, हे मी बोटांवर मोजून पाहिलं. मावले.

लसीकरणाचं कार्ड मात्र पहिल्याच दिवशी भरलं गेलं होतं. त्यावर आईचं नाव अजून लग्नातलंच आहे. डोस द्यायला सासूबाईच घेऊन जातात तिला. ते खोडायला मी कधी सांगितलं नाही.