कातळ चढणारा ट्रक: माझा अनुभव

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी खेळातली गाडी म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘स्पीड किती?’ मला गाडी पळवायची नव्हती, चढवायची होती. पुण्याच्या टेकड्यांवर काळा कातळ जागोजागी उघडा पडलाय. त्याला भेगा आहेत, चार-चार बोटं उंचीच्या पायऱ्या आहेत आणि मधल्या खळग्यांत मुरूम साचलेला असतो. १:१० आकाराच्या, म्हणजे खऱ्याच्या एक दशांश मापाच्या ट्रकसाठी हा खरा घाटच. म्हणून सावकाश चालणारा क्रॉलर घ्यायचा, आणि तोही तयार न घेता सुट्या भागांचं किट आणून स्वतः जोडायचा, असं ठरवलं.

किट टामियाचं घेतलं. जपानमधल्या शिझुओकाची ही कंपनी १९७६ पासून आरसी गाड्या बनवते. १९७९ च्या ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या तिच्या बग्ग्यांनी ऑफरोडचा छंद जगभर पोचवला. माझ्या किटची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, सीसी-०२, वर मर्सिडीज जी ५०० ची बॉडी. चेसिस निवडण्याचं कारण म्हणजे लॅडर फ्रेम (शिडीसारखी चौकट) आणि पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ आस. एक चाक दगडावर चढलं की त्याच अॅक्सलचं दुसरं चाक आपोआप खाली दाबलं जातं आणि जमीन सोडत नाही. कातळावर याला फार किंमत आहे.

जोडणीत सगळ्यात आधी लागतो योग्य स्क्रू ड्रायव्हर. जपानी स्क्रूच्या फुलीचा आकार आपल्याकडच्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा थोडा वेगळा असतो. फिलिप्स त्यात नीट बसत नाही, जोर लावला की निसटतो आणि फुली गोल करून टाकतो. त्यासाठी जेआयएस (जपानी मानक) मापाचा ड्रायव्हर मिळतो, तो घ्यावाच. दुसरी गोष्ट आट्यांची. हे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात. खोललेला स्क्रू पुन्हा लावताना आधी उलटा फिरवायचा. ‘टक्’ करून किंचित खाली बसला की जुने आटे सापडले, मग सुलटा पिळायचा. एवढं पाळलं तर पुन्हा पुन्हा खोललं तरी आटे लवकर जात नाहीत. लोखंडावर लोखंड येतं तिथे, म्हणजे मोटरच्या दांड्यावर पिनियन (छोटं दातेरी चाक) बसवताना, निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव, थेंबभर लावलं. प्लास्टिकजवळ मात्र ते अजिबात नको, प्लास्टिक तडकतं.

डॅम्परना, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्यांना, मी मुद्दाम एक अख्खी संध्याकाळ दिली. नळीत सिलिकॉन ऑइल भरायचं, पिस्टन अगदी हळू वर-खाली करायचा आणि बुडबुडे वर येईपर्यंत डॅम्पर उभा ठेवून द्यायचा. घाई केली की हवा आत राहते आणि दाबताना पचपच आवाज येतो. चारही डॅम्पर हातात घेऊन एकेक दाबून पाहिले. चारही सारख्याच वेगाने परत आले, तेव्हाच फ्रेमला लावले.

बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि रंग आतल्या बाजूने द्यायचा असतो. बाहेरून लागलेल्या दगडाने मग रंग खरवडत नाही. भांड्याच्या साबणाने आतून धुतली, वाळवली आणि पॉलिकार्बोनेटसाठीच्या खास स्प्रेने गडद हिरवी केली. टेकडीवर पोरं हमखास विचारतात, “काका, ही फोर्स गुरखा ना?” प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा दिसायला जी क्लासच्या घरातलीच आहे.

ट्रक चालू लागला, पण कातळाच्या पायरीवर पुढची चाकं चढली की नाक वर जायचं आणि ट्रक मागे उलटायचा. अशा वेळी बहुतेक जण सांगतात, जास्त ताकदीची मोटर घाल. माझं मत ठाम आहे की कातळ चढायला मोटरपेक्षा वजन कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. चढावर वजन आपोआप मागे सरकतं. पुढची चाकं हलकी झाली की त्यांची पकड जाते, आणि मागच्या चाकांचा जोर ट्रकला वर ढकलण्याऐवजी उलटवायला लागतो.

मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला. पुढची दोन चाकं काट्यावर आणि मागची दोन काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर, म्हणजे ट्रक सपाट राहतो. आकडा लिहून घेतला, ट्रक फिरवला आणि मागचं वजन घेतलं. दोन्ही बाजू जवळपास सारख्याच निघाल्या. सपाट रस्त्यावर हे उत्तम, पण कातळावर साधारण ६० टक्के वजन पुढे हवं.

त्यासाठी छपरावर लावायचं कॅरिअर काढून ठेवलं. दिसायला ते झकास होतं, पण तेवढ्या उंचीवरचा प्रत्येक ग्रॅम ट्रकला आडवा पाडायला मदत करतो. मोठी बॅटरी काढून लहान टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) घेतली आणि जाईल तितकी पुढे सरकवली. सगळ्यात उपयोगी पडली ती व्हील बॅलन्सिंगच्या दुकानातली पट्टी. मोटारीच्या रिमला चिकटवतात ती ५-५ ग्रॅमची वजनं तिथे सुटी मिळतात. पुढच्या चाकांना बीडलॉक रिम (टायर गोंदाऐवजी स्क्रूने आवळून धरणाऱ्या) घातल्या होत्या, त्यांचे स्क्रू खोलून टायर उतरवले आणि वजनं रिमवर गोलाकार चिकटवली. हे वजन थेट चाकात असल्याने स्प्रिंगवर भार येत नाही, ट्रकचा तोल मात्र खाली येतो. त्याच वेळी टायरमधला फोमही मऊ घातला. टायर दगडाला धडकण्याऐवजी त्याला कवेत घ्यायला लागला.

मोटरच्या बाबतीत मी उलट दिशेने गेलो. किटमधली ५४० मापाची मोटर काढून जास्त टर्नची, म्हणजे आत तारेचे वेढे जास्त असलेली आणि हळू फिरणारी, ३५ टर्नची घातली. स्पीड कंट्रोलरही ड्रॅग ब्रेकवाला घेतला. ट्रिगर सोडला की चढावर ट्रक आहे तिथेच थांबतो. थांबून, दगड बघून, चाक वळवून पुन्हा निघता येतं. मागचा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) लॉक केला, त्यामुळे एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढत राहतं.

एका सकाळी फिरायला आलेले एक आजोबा काठी टेकवून थांबले.

“किती पळते हो ही?”

“पळत नाही काका, चढते.”

“मग चढवा बघू.”

ट्रक पायरीशी नेला. पुढचं डावं चाक कडेवर टेकलं, टायर चपटा झाला, क्षणभर सगळं थांबलं आणि मग नाक न उचलता अख्खा ट्रक वर सरकला. आजोबांनी पुढची पायरी काठीने दाखवली. तीही चढली. तिच्यापुढचा मुरूम मात्र अवघड गेला. मुरूम म्हणजे चाकाखाली पसरलेली मोहरी, तिथे वजनही पुरेसं पडत नाही. तिथे ट्रिगर कमीत कमी दाबून चाकं जागच्या जागी गरगरू न देता जावं लागतं.

वजन वाढवल्याची किंमत स्टिअरिंगला मोजावी लागते. जड चाकं दोन दगडांच्या फटीत अडकली की साधा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, नुसता गुरगुरतो. म्हणून धातूच्या गिअरचा, जास्त टॉर्कचा, म्हणजे वळवायची ताकद जास्त असलेला सर्व्हो बसवला.

बॅटरीबद्दल मी फार काटेकोर आहे. लायपोचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो, त्यामुळे स्पीड कंट्रोलरचा कटऑफ, म्हणजे व्होल्टेज उतरलं की मोटर बंद करणारी सोय, लायपोवर लावलेला असणं सक्तीचं. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), फरशीवर ठेवून आणि मी समोर असतानाच. वापरायची नसेल तर प्रत्येक सेल साधारण ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ती एक तासही राहू देत नाही.

आता पावसाळा तोंडावर आहे. कातळावर शेवाळ धरलं की हीच पायरी वेगळी होईल, तेव्हा मऊ रबराचे टायर आणून ठेवलेत. रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरच्या डबीचं सील बदललंय. ओल्यातून परतल्यावर बेअरिंग पुसून तेलाचा थेंब द्यायचा, म्हणून तेलाची बाटलीही पिशवीत गेली आहे.