महाडला 20 मार्चला जाणार असाल तर

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा हा दिवस, पण आधी रस्त्याचं बोलतो, कारण पाठ अजून धरलेली आहे. ट्रॅव्हल्सवाल्याने ठणकावून सांगितलं होतं, "पहाटे निघा, रायगड करा, दुपारी चवदार तळं, रात्री घरी." त्याच्या हिशेबात माणगाव नव्हतंच. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरांचं काम 2011 पासून चाललंय, त्याला आपण सगळेच सरावलोय. पण खरी रड पुढे, माणगावच्या बाजारपेठेत. ट्रक, एसटी, लग्नाच्या गाड्या आणि निळे झेंडे लावलेले टेम्पो, सगळे एका रांगेत इंजिन बंद करून उभे. तेव्हा गाडी नेऊच नका. कोकण रेल्वेने जा. महाडला जवळचं स्टेशन वीर, पण लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत. मग माणगावला उतरून एसटी धरा. पुणेकरांनी वरंध घाट चालू आहे ना, एवढं विचारून निघावं.

रायगड झाला. छान झाला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

चवदार तळं गावाबाहेर, झाडीत वगैरे असेल अशी माझी समजूत होती. निघालं भर वस्तीत, चहूबाजूंनी घरं आणि दुकानं. म्हणजे 1927 सालीही हे पाणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. मुसलमान, ख्रिस्ती भरत होते, गुरंढोरं पीत होती. बंदी फक्त अस्पृश्यांना. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने तळं खुलंही केलं, तरी कुणाची हिंमत होईना. महाडला भरलेल्या परिषदेतल्या लोकांना घेऊन बाबासाहेबांनी 20 मार्चला ओंजळ भरली. मग हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि परिषदेच्या मंडपात शिरून मारहाण झाली. त्या देवळापासून तळ्यापर्यंत एकदा पायी चालाच. गाव केवढंसं, आणि आवई पसरायला किती वेळ लागला असेल, ते पायांना कळतं. पुढे सनातन्यांनी 108 घागरी पाणी काढून तळं 'शुद्ध' केलं, आणि तळं खाजगी आहे म्हणून दावा लावला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 17 मार्च 1937 उजाडला. हे सगळं वाचून जा, नाहीतर पुतळ्यासमोर फोटो काढून परत याल.

20 मार्चची गर्दी बेफाम असते. खिसे सांभाळा. लॉजवाल्याने आमच्याकडून दुप्पट भाडं घेतलं, ते एकवेळ ठीक. पण ज्या गावात पाण्यासाठी एवढं रामायण झालं, तिथे 20 रुपये छापलेली बाटली 30 ला विकताना त्या टपरीवाल्याला काहीच वाटू नये? भांडलो. उपयोग झाला नाही. पुढच्याच वळणावर एका मंडळाचा स्टॉल होता, थंड पाणी आणि पुरीभाजी, फुकट. "जयभीम, बसा" म्हणाले. आडनाव नाही, गाव नाही, काही विचारलं नाही. घरून रिकामी बाटली न्या आणि असे स्टॉल शोधा.

पायऱ्यांवर यवतमाळकडच्या एक आजी भेटल्या. आधी ओंजळभर पाणी स्वतः घेतलं, मग नातवाच्या डोक्याला लावलं, मग पिशवीतून झाकणं घट्ट बसवलेल्या तीन बाटल्या काढल्या. "एक आमच्या विहाराले, एक लेकीकडे," म्हणाल्या. तिसरी कुणाला ते गर्दीत ऐकूच आलं नाही. वस्तुसंग्रहालयात काचेपलीकडच्या वस्तूला हात लावला की पहारेकरी धावत येतो. इथे हात लावायलाच माणसं रात्रभर प्रवास करून येतात.

तळं शांतपणे बघायचं असेल तर दिवाळीनंतर कुठल्याही आडवारी जा. मनुस्मृती जाळली त्याची आठवण देणारा क्रांतिस्तंभ आणि गांधारपाले लेणी त्याच दिवसात होतील. पण माझं ऐकाल तर 20 मार्चच. आदल्या रात्री पोचा, पुस्तकांचे स्टॉल सकाळीच उरका, डोक्याला पंचा ठेवा, आणि परतीची गाडी दुपारी चारच्या आत गाठा. त्यानंतर माणगाव आहे.