आमची वाटचाल : मे महिन्यात घेतलेलं माप

कराडात आमचं दुकान मोटार रिवायंडिंगचं. वडिलांनी सुरू केलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांची तांब्याची तार भरता भरता मी धंदा शिकलो. पुढे सोलर बंब बसवायला लागलो आणि बंबाच्या निमित्ताने गच्च्या ओळखीच्या झाल्या. छतावरच्या वीजनिर्मितीची कामं आली ती त्यानंतर. आज आम्ही सहा जण आहोत. पण आमचा धंदा खऱ्या अर्थाने घडवला तो एका गावच्या समाजमंदिराने, म्हणून त्या कामाबद्दलच सविस्तर लिहितो.

त्या समाजमंदिराच्या सभागृहावर सोलर बसवायला गावाने वर्गणी काढली होती. निम्मी रक्कम मुंबईकर मंडळींची. घरांना मिळतं ते अनुदान सभागृहाला मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक रुपया लोकांच्या खिशातला होता आणि त्याचं ओझं मला सतत जाणवत होतं. ५४० वॅटची १८ पॅनेल ठरली, म्हणजे जवळपास पावणेदहा किलोवॅट. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटं धरली, तर रोज ३८-३९ युनिटं. हजार चौरस फूट मोकळी गच्ची हवी होती, तीही होती.

पॅनेल वर चढवणं हेच मोठं काम झालं. एकेक साडेसात फूट लांब, वजन २८ किलोच्या आसपास आणि जिना अरुंद, मध्येच वळणाचा. शेवटी भिंतीला दोन बांबू तिरके टेकवले, पॅनेलला गोधड्या गुंडाळल्या आणि पोरांनी वरून दोरखंडाने एकेक ओढून घेतलं. अठराही पॅनेल बिनओरखड्याची वर गेली. खाली भजनी मंडळातल्या आज्या श्वास रोखून बघत होत्या.

नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजून फरकाचा हिशोब ठेवणारा मीटर, लागला, युनिटं महावितरणकडे जायला लागली, गाव खूश. मग सप्ताहात भर कीर्तनात लाईट गेली आणि सभागृहात अंधार! एक आजोबा मला म्हणाले, "लाईट गेल्यावं अंधारच ऱ्हायचा, तर वर ह्ये घातलं कशापायी?" चूक माझी होती. रात्री पॅनेल वीज करत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. पण बॅटरी नसलेली यंत्रणा दिवसाही लाईट गेली की बंद पडते, हे मी सांगितलंच नव्हतं. खांबावर वायरमन काम करत असेल आणि आपली वीज उलटी लाइनमध्ये गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, स्वतःहून थांबतो. हे समजल्यावर आजोबा म्हणाले, "मग बरोबर हाय." आता आमच्या कोटेशनची पहिली ओळ हीच असते.

खरा धडा मार्गशीर्षात मिळाला. मोबाइलवर रोजच्या निर्मितीचा आलेख बघायची मला सवय आहे. सकाळी नऊ ते साडेदहा त्यात खड्डा दिसायला लागला. ऊन कडक, पॅनेल धुतलेली, तरी खड्डा. सकाळी लवकर जाऊन गच्चीवर उभा राहिलो. आग्नेय कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलांवर आडवी पडली होती. पॅनेल माळेसारखी एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे दोघांवरच्या सावलीचा फटका सगळ्या ओळीला बसत होता.

पॅनेल कुठे बसवायची त्यासाठी गच्चीचं माप मी घेतलं होतं मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी. आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस नेमका तेव्हाच येतो. सूर्य डोक्यावर, टाकीची सावली टाकीच्याच पायाशी. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलतो, दुपारीसुद्धा जेमतेम ५० अंशांपर्यंत चढतो आणि सावल्या लांबच लांब होतात. भूगोलात शिकलेली गोष्ट, पण गच्चीवर उभं राहून मी ती विसरलो होतो. टाकी हलवता येत नव्हती, स्वयंपाकघराचं पाणी तिच्यावर. दोन पॅनेलांचा सांगाडा आमच्या खर्चाने पश्चिमेच्या टोकाला नेला. गावाने एक रुपया मागितला नाही, मीही घेतला नसता.

तेव्हापासून उन्हाळ्यात माप घ्यायला गेलो की घरच्यांना आधी विचारतो, "थंडीत सकाळी ऊन खायला गच्चीवर कुठे बसता?" मोबाइलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप आहेत, तीही वापरतो. पण त्या घरातल्या आजीचं बोट आजवर एकदाही चुकलेलं नाही.

सभागृहवाल्यांना एक गोष्ट जरूर सांगतो. नेट मीटरचा वर्षाचा हिशोब ३१ मार्चला मिटतो. थंडीत साठलेली युनिटं एप्रिल-मेच्या लग्नसराईला कामी येतील असं धरून चालू नका. आणि बिल शून्यावर येत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

२०२४ साली पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तेव्हापासून आसपासच्या गावांतून विचारणा वाढली आहे. त्याच समाजमंदिराच्या गावातल्या दूध संस्थेचं कामही आम्हालाच मिळालं. तिचं माप गेल्या पौषात घेतलं. सकाळी आठला हातात खडू घेऊन गच्चीवर चढलो आणि शेजारच्या नारळाची सावली जिथपर्यंत आली, तिथे रेघ मारली.