'कट' म्हटल्यावर सुरू झालेला कॅमेरा

रात्री कॅमेऱ्याचं कार्ड कॉपी करायला लावलं आणि क्लिपच्या लांब्या बघून पोटात गोळा आला. दुपारचा सीन साडेचार मिनिटांचा, टेक चार. म्हणजे साधारण सारख्या लांबीच्या चार क्लिप हव्यात. इथे एक अकरा मिनिटांची, एक सहाची, एक जेमतेम दोनची. पहिली उघडली. त्यात माझे बूट. मग माझं कोपर. मग ताई, माझ्या फिल्मच्या नटी, खुर्चीत बसून ओठांतल्या ओठांत संवाद घोळवतायत. मग माझा आवाज, "ताई, रोल करतोय हं," आणि क्लिप संपली.

पुढची क्लिप सुरू होते ती मी 'कट' म्हटल्यानंतर.

चारही टेक गेले होते. टेकच्या मधला सगळा वेळ मात्र अगदी फोकसमध्ये, व्यवस्थित एक्स्पोज झालेला.

झालं असं की जेवणानंतर बॅटरी बदलली आणि टेबलावरचा दिवा तपासायला एक टेस्ट घेतली. वीज 50 सायकलची असेल तर शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद, 60 ची असेल तर 1/60, नाहीतर दिवा फडफडतो, इतकं नव्यांनाही माहीत असतं. पण स्वस्त एलईडी डिम केला की शटर बरोबर असूनही कधीकधी चित्रात पट्टे सरकतात, आणि ते छोट्या स्क्रीनवर पटकन दिसत नाहीत. पट्टे शोधण्याच्या नादात टेस्ट बंद करायचीच राहिली. त्यानंतर 'चालू' म्हणून दाबलेलं प्रत्येक बटण बंद करत होतं आणि 'बंद' म्हणून दाबलेलं चालू. चालू-बंदला एकच बटण देणाऱ्यांवर माझा राग आहे, पण खरा दोष माझाच. रेकॉर्डिंगचा लाल दिवा ताईंच्या चष्म्यात चमकत होता म्हणून मी त्यावर काळी टेप लावली होती. फ्रेम मोकळी दिसावी म्हणून स्क्रीनवरचे आकडेही घालवले होते. म्हणजे दोन्ही डोळे मी आपल्या हाताने बांधले आणि वर चारही टेकना ऐटीत 'अ‍ॅक्शन' म्हणत होतो.

युनिटमध्ये दुसरा एक माणूस जरी असता तरी हे पहिल्या टेकलाच लक्षात आलं असतं. एकट्याने फिल्म कशी करावी हे शिकवणारे व्हिडिओ मीही रात्र-रात्र पाहिलेत. त्यांत लेन्सवर वीस मिनिटं असतात, कार्ड उतरवून तपासण्यावर वीस सेकंदंही नसतात.

वाचला तो आवाज. याबद्दल मात्र मी थोडी बढाई मारणार. रेकॉर्डर वेगळा होता आणि दुपारभर अखंड चालू होता. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, ताईंचा सर्वांत चढा शब्दही उणे 12 डेसिबलच्या आसपास. कॉलर माइक कपड्याला घासू नये म्हणून दोन बाजूंनी टेप, आणि वायरीचा एक छोटा वेढा आतून चिकटवलेला, म्हणजे हालचालीचा झटका माइकपर्यंत पोचत नाही. फ्रिज बंद केला होता आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवली होती, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. शेवटी सगळ्यांनी, म्हणजे ताईंनी आणि मी, एक मिनिट हूं की चूं न करता बसून खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड केली. 'पोस्टमध्ये बघू', म्हणजे एडिट करताना निस्तरू, म्हणणाऱ्यांना या एका मिनिटाची किंमत कळत नाही. दोन वाक्यांच्या मधली फट भरायला दुसरं काही चालत नाही. तिथे नुसता सन्नाटा टाकला की कानाला खड्डा लागतो.

तर तिसऱ्या टेकचा आवाज पूर्ण होता. सीनमध्ये ती बाई फोनवर बोलते आणि पलीकडे कुणीच नसतं. तिसऱ्या टेकला ताईंनी एक ओळ गाळली आणि तिच्या जागी नुसता श्वास घेतला. मी हेडफोनवर होतो, अंगावर काटा आला होता. चित्रात तिथे काहीही नाही.

मग त्या टेकनंतरची क्लिप पाहिली. चाळीस सेकंदं. ताई तशाच बसल्यात, फोन मांडीवर. डोळे भरलेले. पदराची एक कड त्या बोटाने सरळ करतात, पुन्हा करतात. मग मान वर करून कॅमेऱ्याच्या डावीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघतात. आणि थांबतात. फ्रेममध्ये माझा हात येतो, रेकॉर्डरची बॅटरी चाचपतो. माझा आवाज येतो, "एक मिनिट हं, लेव्हल बघतो." ताई मान हलवतात आणि परत पदराकडे वळतात.

इतका चांगला टेक दिला त्यांनी, आणि मी एक शब्दही बोललो नव्हतो. वाईट दिला असता तरीही मी हेच म्हटलं असतं. फोकस, आवाज, बॅटरी, दिवे सगळं माझ्याकडेच. त्यात दिग्दर्शक कधी गळून पडला ते मला कळलंही नव्हतं. कार्डाने दाखवलं.

ताईंना फोन करून परत शूट मागायचं ठरवलं, फोन हातात घेऊन बसलोही. नाही केला. खोली सकाळी सोडायची होती, हे कारण खरं होतं. पण तो श्वास परत येणार नाही, हेही माहीत होतं. शिवाय लाज वाटत होती. शेवटी तिसऱ्या टेकचा आवाज त्या चाळीस सेकंदांवर टाकला. चित्र थोडं संथ केलं, माझा हात कापला, मागेपुढे रिकामी खुर्ची आणि सकाळी घेतलेले हातांचे शॉट जोडले. बाई गप्प आहे आणि आवाज तिच्या आत चालू आहे, असं ते दिसतं. चालतं. चांगलं चालतं, हीच अडचण आहे.

आता मी दोन टेकच्या मध्ये कॅमेरा थांबवतच नाही. सेकंदाला 100 मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला 45 जीबी लागतात, म्हणजे 128 जीबीच्या कार्डावर पावणेतीन तास सहज मावतात. त्या दिवशी मी कार्ड कशासाठी वाचवत होतो, देव जाणे. क्लॅप, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायची पाटी, टेकच्या शेवटीही देतो, उलटा धरून. लाल दिव्याकडे बघत नाही, सेकंदाचे आकडे पळतायत का ते बघतो. नटाचा माइक काढण्याआधी शेवटचा टेक पूर्ण चालवून पाहतो. आणि 'कट' म्हटल्यावर पाच सेकंद दोन्ही हात खिशात. हे शेवटचं अजून चुकतं.

संमतीपत्र सकाळीच झालं होतं. 'चित्रित झालेलं सर्व साहित्य' असे शब्द त्यात मीच घातले होते. कागदावर सगळं स्वच्छ आहे. पण त्या चाळीस सेकंदांत ताई अभिनय करत नव्हत्या, आणि कॅमेरा चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण ती सबब एडिट टेबलवर बसल्यावर संपते.

फिल्म दाखवायला त्यांना बोलावलं. त्या सीनला त्या पुढे सरकून बसल्या. संपल्यावर बराच वेळ स्क्रीनकडेच बघत होत्या.

"हा टेक मी कधी दिला रे?"

"तिसरा, ताई."

"तिसऱ्याला मी बोलत होते की."

"आवाज तिसऱ्याचाच आहे," मी म्हणालो, आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागलो.