गोल्फ राहू द्या, जमीन बघा

गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. शिरपूरकडचा केळी-कापूसवाला माणूस मी, मे महिन्यात ताईकडे हॅम्बुर्गला गेलो होतो तर दाजी म्हणाले चला, रविवारी गुट काडेन नावाच्या गोल्फ क्लबला जाऊ, त्यांच्या ऑफिसातला एक जण तिथं खेळतो. शहराच्या उत्तरेला आल्व्हेसलोहे गावाजवळ आहे. जुनी जमीनदारी इस्टेट, दोंडाईच्याला रावलांची गढी आहे ना तसा मालकाचा वाडा आणि भोवती सगळी जमीन, फक्त जमिनीवर आता पीक नाही, गोल्फ आहे. जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळंधमक शेत, मोहरीच्या जातीतलंच पीक आहे ते, तेलासाठी लावतात. आमच्याकडे त्या वेळी 44 डिग्री चालू होतं आणि मी इथं जॅकेट घालून.

अठरा होलच्या एका मैदानाला साधारण दीडशे एकर लागतात म्हणे आणि इथं होल आहेत 27, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. समुद्राकाठची गोल्फ मैदानं उघडीबोडकी, वाळूची असतात, हे पार्कलँड म्हणजे मोठमोठे ओक, तळी, मधून जाणारे हिरवे पट्टे. टायगर वुड्ससुद्धा 2000 साली इथल्या स्पर्धेत खेळून गेलाय, जिंकला मात्र ली वेस्टवूड. दाजींनी हे गाडीतच दोनदा सांगितलं.

आपण जाऊन खेळू असं काही नसतं हं. जर्मनीत बहुतेक ठिकाणी आधी एक परीक्षा पास व्हावी लागते, प्लाट्सरायफे म्हणतात, खेळता येतं का, नियम माहीत आहेत का, मैदानावर शिस्तीत वागता का, सगळं बघतात. गाडीच्या लायसन्ससारखंच. माझ्याकडे अर्थातच नव्हतं, त्यामुळे मला बाजूच्या प्रॅक्टिसच्या जागेत बादलीभर बॉल मारायला दिले, त्याचं वर्णन करत नाही.

मी मग त्यांच्या मागे मागे फिरत राहिलो आणि खरी मजा मला गवतात आली. जिथं ते भोक असतं, अवघं 108 मिलिमीटरचं, त्याच्या भोवतीचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं, हात फिरवला तर सतरंजी वाटते. आणि अशा हिरवळीखाली काय असतं माहितीये का, फूटभर वाळू, तिच्याखाली खडी आणि खडीत भोकाचे पाईप. आपण आयुष्यभर पाईप टाकतो ते मुळाशी पाणी पोचवायला, ठिबकचं एक नोझल चोंदलं तरी झोप लागत नाही, आणि ही माणसं पाईप टाकतात पाणी काढून टाकायला! बरं, तिथला वर्षाचा पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, जळगाव जिल्ह्याचा सातशेच्या आसपास, म्हणजे फार फरक नाहीच, पण त्यांचा बारा महिने थोडा थोडा पडतो आणि आपला चार महिन्यांत, तोही मर्जीने. ऊनही तिकडं कमी, त्यामुळे पडलेलं पाणी टिकतं.

तिथूनच मायला व्हिडिओ कॉल लावला. तिनं सगळं बघितलं आणि विचारलं, "इतलं गवत शे, तं ढोरं कोठे शेतस?"

जेवायला पांढरं ॲस्परॅगस होतं, म्हणजे शतावरीच्या जातीतले कोवळे कोंब, सोबत उकडलेले बटाटे आणि लोण्याचा सॉस. मातीच्या सरीत झाकून वाढवतात, ऊन लागू देत नाहीत म्हणून पांढरं राहतं, आणि 24 जूनला काढणी बंद म्हणजे बंद, पुढच्या वर्षी गड्डे जोमानं फुटावेत म्हणून. चवीला मिळमिळीत, शेवभाजीच्या माणसाला काय कळणार, पण ती काढणीची शिस्त आवडली.

जेवताना माझ्या डोक्यात एकच चालू होतं, एवढी जमीन एका तुकड्यात राहिली कशी? आमच्याकडे पणजोबांच्या नावावरची जमीन आता सातबाऱ्यावर बघा, नावांची रांग आणि बांधाच्या भांडणाची तारीख. दाजींचा मित्र म्हणाला, त्या भागातल्या बड्या इस्टेटी पूर्वी कायद्यानेच एका वारसाकडे जायच्या, विकता येत नव्हत्या, वाटता येत नव्हत्या. आणि साध्या शेतकऱ्यांसाठी 1947 पासूनचा एक कायदा उत्तर जर्मनीत अजून आहे, त्यात अख्खं शेत एकाच वारसाला, बाकीच्या भावंडांना पैसे, तेही बाजारभावाच्या मानाने फार कमी. राबणाऱ्यांचं तर विचारूच नका, 1805 पर्यंत तिथल्या जमीनदारांच्या इस्टेटीवरच्या कुळांना मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नव्हतं.

मी म्हटलं, कुळांचं वाईटच, पण तो वारसाचा कायदा आपल्याकडे पाहिजे होता, निदान तुकडे तरी झाले नसते.

ताई बटाटा सोलत होती. म्हणाली, "हो का? आणि तो एक वारस कोण, तूच ना?" मी काही बोलायच्या आत तिनं ऐकवलं की महाराष्ट्रात मुलींना 1994 पासून वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क आहे आणि मागच्या वर्षी हक्कसोडपत्रावर सही करायला तिनंच रजिस्ट्रार ऑफिसात खेटे घातले होते, कुणाच्या सोयीसाठी ते मला माहीत आहे. दाजी खिडकीबाहेरचं गवत बघायला लागले. बिल मी दिलं.