सतरा फेऱ्या, तीन सेंटिमीटर: तलावाच्या नोंदवहीतून

मोजणीच्या सतराव्या फेरीत पाण्यात सोडलेली सेकी चकती ४१ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली. पहिल्या फेरीत ती ३८ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली होती. म्हणजे सतरा पंधरवड्यांच्या श्रमांनंतर आमच्या तलावाच्या पाण्याची पारदर्शकता तीन सेंटिमीटरांनी वाढली. आणि दोन निरीक्षकांच्या वाचनांत सहज तेवढा फरक पडतो हे लक्षात घेतले, तर ती वाढलीच नाही असे लिहिणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. तरीही ही नोंद मी ‘प्रगती’ या सदराखालीच लिहीत आहे, कारण तलाव का सुधारत नाही हे आता आम्हाला आकड्यांनिशी सांगता येते, आणि सहा महिन्यांपूर्वी आमच्यापैकी कोणालाही ते सांगता आले नसते.

गटात नव्याने आलेल्यांसाठी आधी चकतीविषयी सांगतो. आंजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या आरमारातील एका जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या चकत्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली, आणि तेव्हापासून या साधनाचे तत्त्व बदललेले नाही. तलावासाठी आपण वापरतो ती २० सेंटिमीटर व्यासाची, एकाआड एक काळे-पांढरे चतकोर असलेली चकती पुढे रूढ झाली. नावेच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून, चकती हळूहळू खाली सोडायची. ती दिसेनाशी होते तेथे एक वाचन, वर ओढताना पुन्हा दिसू लागते तेथे दुसरे, आणि दोहोंची सरासरी ही त्या दिवसाची नोंद. आमच्या तलावात शेवटच्या वीतभर अंतरात पांढरे चतकोर आधी पिवळट आणि मग हिरवे दिसतात. चकती नाहीशी झाली असे वाटते आणि पापणी मिटून उघडली की ती पुन्हा क्षणभर दिसते. या क्षणी घाई करणारा निरीक्षक आकडा कमी लिहितो आणि चिकाटीचा निरीक्षक जास्त, म्हणून एकाच माणसाने सलग फेऱ्या करणे बरे.

आमच्याकडून झालेली पहिली चूक मात्र डोळ्यांची नव्हती, दोरीची होती. सुती दोरीवर सुकी असताना रंगाने खुणा केल्या होत्या आणि ती भिजली की आखडत होती, त्यामुळे पहिल्या तीन फेऱ्यांचे आकडे नंतर पोलादी टेपशी ताडून दुरुस्त करावे लागले. वर दिलेले ३८ सेंटिमीटर हे दुरुस्त केलेले वाचन आहे.

आकडा कितपत वाईट आहे हे कळण्यासाठी आम्ही सरोवरशास्त्रज्ञ कार्लसन यांनी १९७७ मध्ये मांडलेला पोषण-निर्देशांक वापरतो. एक मीटर पारदर्शकतेला तो ६० येतो, आणि पारदर्शकता निम्मी झाली की दहाने वाढतो. आमचे ४१ सेंटिमीटर या मोजपट्टीवर ७३ च्या आसपास येतात, म्हणजे पाणी अतिपोषित आहे, त्यात शेवाळाला लागणारे खाद्य फार जास्त आहे. या निर्देशांकात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की पाणी शेवाळामुळेच गढूळ झाले आहे. पावसाच्या लोंढ्यानंतर मातीने गढूळ झालेल्या पाण्याचा निर्देशांक काढून घाबरून जाण्यात अर्थ नसतो. तशा दिवशी आम्ही वाचन लिहितो, निर्देशांक काढत नाही.

चौथ्या ते आठव्या फेरीपर्यंत आम्ही जलपर्णी काढली. पाच रविवार, दर रविवारी तीस-पस्तीस माणसे, लांब दांड्यांची दाताळी, दोऱ्या आणि ताडपत्र्या. ताणकाट्यावर काही ताडपत्र्या नमुन्यादाखल तोलल्या तेव्हा एका खेपेला सरासरी ४० किलो भरले, आणि खेपा साधारण शंभर झाल्या; म्हणजे चार टन. पाचव्या रविवारी अर्धा तलाव मोकळा दिसू लागला. “अहो, आता मोजायचं काय राहिलंय? पाणी दिसतंय की डोळ्यांनी!” असे आमच्यातील एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, आणि त्या संध्याकाळी त्यांच्याशी वाद घालण्याची इच्छा मलाही नव्हती.

नवव्या फेरीत चकती २६ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली.

या घसरणीची दोन कारणे मला दिसतात आणि त्यांचे वाटे वेगळे काढण्याइतकी माहिती आमच्या वहीत नाही. पहिले कारण उजेडाचे: जलपर्णीच्या दाट थराखाली अंधार असतो, तो थर काढला की पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाला ऊन मिळते, आणि खाद्य तर तेथे आधीच भरपूर असते. दुसरे कारण आमच्या आळसाचे. काढलेली जलपर्णी आम्ही काठापासून जेमतेम दोन पावलांवर रचून ठेवली होती. या वनस्पतीच्या वजनातील सुमारे ९५ टक्के भाग पाणी असतो. ढीग खाली बसू लागला, त्यातून काळपट रस पाझरू लागला, मध्येच दोन दिवस पाऊस झाला, आणि आम्ही ज्या वाटेने जलपर्णी बाहेर आणली त्याच वाटेने तिच्यातील नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) तलावात परत गेले. ढिगासमोरचा काठ इतर काठांपेक्षा चार दिवस आधी हिरवा झाला होता. तो ढीग आता उताराच्या पलीकडे हलवला आहे आणि तेथे त्याचे कंपोस्ट होत आहे. जे गट हे काम सुरू करणार असतील त्यांनी ढीग कोठे रचायचा हे पहिली काडी उपटण्याआधी ठरवावे.

ढिगापेक्षा जास्त अस्वस्थ करणारा हिशेब दहाव्या फेरीनंतर झाला. चार टन ओली जलपर्णी म्हणजे सुमारे २०० किलो सुकी, आणि सुक्या भागात स्फुरद अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरला, तर पाच रविवारांत आम्ही तलावातून साधारण एक किलो स्फुरद बाहेर काढला. आता तलावात येतो किती, हा प्रश्न आपोआपच पुढे आला.

स्फुरदावरच एवढा भर का, अशी शंका गटात घेतली गेली आणि ती रास्त होती. उत्तरादाखल मी कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ‘लेक २२६’ या सरोवराचे छायाचित्र दाखवले. सरोवरशास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हे सरोवर त्याच्या अरुंद भागात पडदा लावून दोन भागांत विभागले; दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, पण स्फुरद फक्त एका भागात. पडद्याच्या एका बाजूचे पाणी गडद राहिले आणि दुसऱ्या बाजूचे शेवाळाने हिरवे झाले. नत्राची गरज काही नीलहरित जीवाणू हवेतून भागवू शकतात, कार्बनही हवेतून मिळतो, स्फुरदाला मात्र हवेची वाट नाही. एक किलो स्फुरदावर सुमारे पाचशे किलो ओले शेवाळ पोसले जाऊ शकते, असा ढोबळ हिशेब सरोवरशास्त्रात दिला जातो.

आमच्या तलावात दोन वाटांनी पाणी येते, एक ओहोळ आणि एक पाइप. उत्तरेकडचा ओहोळ बाराही महिने गढूळ असतो आणि त्याच्यावर सर्वांचा संशय होता. पूर्वेकडच्या पाइपातून येणारे पाणी दिसायला नितळ असते, त्यात पाय धुवायलाही कोणी मागेपुढे पाहत नसे. फॉस्फेट तपासणीच्या किटमध्ये अमोनियम मॉलिब्डेटमुळे नमुना निळा होतो, आणि निळा जितका गडद तितके फॉस्फेट जास्त. उत्तरेच्या गढूळ पाण्याचा नमुना गाळून घेतल्यावर फिकट निळा झाला. पूर्वेच्या नितळ पाण्याचा नमुना शाईसारखा झाला, आणि मोजपट्टीवर रंग जुळवण्यासाठी तो पाचपट पातळ करावा लागला. एका वेळच्या नमुन्यावर विसंबायचे नाही म्हणून आम्ही दिवसातून चार वेळा नमुने घेतले. सकाळी सात आणि रात्री नऊच्या नमुन्यांत सर्वाधिक फॉस्फेट निघाले, म्हणजे घराघरांतील धुण्या-अंघोळीचे पाणी जेव्हा वाहते त्या वेळी.

प्रवाह मोजण्यासाठी वीस लिटरची बादली आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच पुरले. बादली सरासरी १६ सेकंदांत भरत होती, म्हणजे सेकंदाला सव्वा लिटर. फॉस्फेटची सरासरी लिटरला ५ मिलिग्रॅमच्या जवळ होती. येथे आमची एक चूक होता होता राहिली: किट फॉस्फेट मोजते, आणि आपल्याला हवा असतो त्यातील स्फुरद, जो वजनाने जेमतेम एक तृतीयांश असतो. हा भाग लावल्यावर लिटरला सुमारे १.६ मिलिग्रॅम आणि दिवसाला सुमारे १७० ग्रॅम स्फुरद असा आकडा आला.

म्हणजे पाच रविवारी शंभर खेपा करून आम्ही जे बाहेर काढले, ते तो नितळ पाइप सहा दिवसांत परत आणून घालत होता. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा खोलीत काही वेळ कोणीच बोलले नाही. दोन सदस्य त्यानंतर येईनासे झाले याची मला खंत आहे. मी तो हिशेब थोडा सावकाशीने मांडायला हवा होता.

अकराव्या ते चौदाव्या फेरीत पाइपाच्या तोंडाशी एक खड्डा आणि त्याच्यापुढे पाणकणीस व लव्हाळ्यांचा वाफा केला. त्याचे कौतुक बरेच झाले, तेव्हा त्याची मर्यादाही लिहून ठेवतो. जागा मिळाली तीस चौरस मीटर, पाण्याची खोली ४० सेंटिमीटर. म्हणजे १२ घनमीटर. सेकंदाला सव्वा लिटर या वेगाने पाणी तेथे जेमतेम पावणेतीन तास थांबते. एवढ्या वेळात तरंगता गाळ खाली बसतो, पण विरघळलेल्या फॉस्फेटवर फारसा परिणाम होत नाही: आत येताना ५ मिलिग्रॅम आणि बाहेर पडताना साडेचार, असे वाचन सलग तीनदा आले. शिवाय पाणकणीस वाढले की कापून बाहेर न्यावे लागते, नाहीतर ते तेथेच कुजून शोषलेले सगळे परत देते.

खरा उपाय पाइपाचे पाणी सांडपाण्याच्या मुख्य वाहिनीत नेण्याचा होता आणि तो आमच्या दाताळ्यांच्या आवाक्यातला नव्हता. त्यासाठी आम्ही केले ते एवढेच, की चार वेळांचे नमुने, बादलीचे सेकंद आणि दिवसाचे ग्रॅम एका पानावर मांडून संबंधितांकडे दिले. ‘तलाव घाण झाला आहे’ या आधीच्या अर्जांपेक्षा या पानाला लवकर उत्तर आले. सोळाव्या फेरीच्या आधी बहुतेक जोडण्या वळवल्या गेल्या, आणि आता तीच बादली भरायला ७० सेकंद लागतात. उरलेले पाणी कोठून येते याचा शोध चालू आहे.

मग चकती अजून ४१ वरच का? याचे उत्तर सतराव्या फेरीत पहाटे साडेपाचला मिळाले. तोवर आम्ही विरघळलेला प्राणवायू नेहमी दुपारी मोजत होतो, आणि दुपारी शेवाळच प्राणवायू सोडत असल्यामुळे तो संपृक्ततेहूनही, म्हणजे पाण्यात एरवी मावतो त्याहूनही, जास्त निघत होता. २५ अंश सेल्सिअसला संपृक्त पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम असतात, आमचे दुपारचे वाचन ११ होते. रात्री मात्र शेवाळ आणि तळचा गाळ दोघेही तोच प्राणवायू वापरतात, त्यामुळे खरी परीक्षा उजाडण्यापूर्वीची असते. त्या पहाटे हातपंपाने तळालगतचे पाणी खेचले, नळीचे टोक बाटलीच्या बुडाशी ठेवून तिच्या तिप्पट पाणी वाहून जाऊ दिले, आणि प्राणवायू मोजण्याच्या विंक्लर पद्धतीतील पहिली दोन रसायने सोडली. प्राणवायू असेल तर या बाटलीत तपकिरी साका धरतो. पृष्ठभागाच्या बाटलीत तो फिकट तपकिरी धरला. तळाच्या बाटलीत दह्यासारखा पांढरा साका हळूहळू खाली बसला, आणि पुढचे आम्ल घालून अनुमापन (थेंबाथेंबाने रसायन घालून मोजणी) करण्याची गरजच उरली नाही: तेथे प्राणवायू नव्हता.

प्राणवायू असतो तोवर गाळातील लोह स्फुरदाला धरून ठेवते. तो संपला की लोहाचे रूप बदलते आणि स्फुरद पाण्यात सुटतो. सरोवरांचे अभ्यासक मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये ही प्रक्रिया सविस्तर दाखवून दिली. वर्षानुवर्षे पाइपातून आलेला स्फुरद तळात साठलेला आहे आणि दर उकाड्याच्या, वारा पडलेल्या रात्री तो थोडा थोडा वर येत आहे. अमेरिकेतील लेक वॉशिंग्टन या खोल सरोवरात जाणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात वळवल्यावर ते काही वर्षांतच सुधारले. स्वीडनमधील ट्रुम्मेन या उथळ सरोवरात १९५० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी थांबवूनही सुधारणा झाली नाही, आणि १९७० व १९७१ मध्ये तळाचा एकूण सुमारे एक मीटर जाडीचा गाळ उपसल्यावरच पाणी निवळले. आमचा तलाव जास्तीत जास्त २.८ मीटर खोल आहे, त्यामुळे तुलना कोणाशी करायची हे उघड आहे.

गाळ काढण्याचा आग्रह गटात लगेच सुरू झाला आहे. माझे मत असे की उरलेला पाइप बंद होईपर्यंत गाळाला हात लावू नये, आणि तोवर गाळाची जाडी व त्यातील काळ्या थराची खोली तरी मोजून घ्यावी. त्यासाठी दीड मीटरची पारदर्शक नळी आणि दोन्ही तोंडांना बसणारी रबरी बुचे आणली आहेत. अठरावी फेरी येत्या शनिवारी पहाटे पाचला आहे. नावेत तीनच जागा आहेत, आणि त्यांपैकी एक विंक्लरच्या बाटल्यांच्या पेटीसाठी राखलेली आहे.